सावलीकाकांची मुंबई

नव्या जागी गेलेला माणूस आधी मान वर करतो. इमारत पाहतो, झाड पाहतो, पाटी वाचतो. सावलीकाका खाली पाहायचे, स्वतःच्या पायांशी. सावली किती लांब आहे, कुठल्या अंगाला पडली आहे, तिची कड ठसठशीत आहे की पुसट, एवढं पाहून झालं की मगच ते डोकं उचलायचे. लग्नघर असो, शाळेचं पटांगण असो की साकोलीचा बाजार, क्रम तोच. म्हणून त्यांना सगळे सावलीकाका म्हणत. मोठं शहर त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही जेमतेम पाच दिवस. तरी मुंबईत कुठे उभं राहून फोटो काढायचा, हे आमच्या अर्ध्या तालुक्याला त्यांनीच शिकवलं होतं.

लाखनीला हायवेच्या कडेला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी. ट्रक गेला की काचेच्या शोकेसमधले नवरा-नवरीचे फोटो थरथरायचे. मी सांगते आहे ते दिवस भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरचे. "जिल्हा अर्धा झाला, पन रोल तेवढेच येऊन राहिले," असं काका म्हणायचे. तेव्हा कॅमेरा घरोघरी नव्हता. कोणी मुंबईला, दिल्लीला, हैदराबादला निघालं की आदल्या दिवशी काकांकडे यायचं, भाड्याने कॅमेरा घ्यायचं, छत्तीस फोटोंचा रोल भरून घ्यायचं, आणि बाकावर बसून विचारायचं, "काका, तिथं फोटो कुठी काढाचा?"

आणि काका सांगायचे. अमुक ठिकाणी सकाळी जा, दुपारी गेलास तर चेहरे काळे येतील. तमुक पुतळ्यासमोर कुल्फीची गाडी लागते, चार पावलं उजवीकडे सरक. ज्याला भंडाऱ्याच्या पुढे कोणी पाहिलं नव्हतं, त्या माणसाला हे कसं ठाऊक? याचं उत्तर एका पत्र्याच्या डब्यात होतं. बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा. रोल धुवायला नागपूरच्या लॅबमध्ये जायचे आणि तिसऱ्या दिवशी प्रिंटचं पाकीट यायचं. लोक चांगले फोटो घेऊन जायचे, बिघडलेले काउंटरवर सोडून जायचे. काका ते टाकत नसत. प्रत्येकाच्या पाठीमागे बॉलपेनने चार ओळी लिहायचे: जागा, वेळ, काय बिघडलं, पुढच्याले काय सांगाचं. असे शेकडो बिघडलेले फोटो त्या डब्यात होते. दुसऱ्यांच्या चुका जमवून जमवून काकांनी लाखनीत बसल्या बसल्या मुंबई पाठ केली होती.

मी तेव्हा पंचायत समितीत नुकतीच लिपिक म्हणून लागले होते. कागद सरळ लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचा. तो डबा पाहून माझा जीव कासावीस झाला. तीन रविवार बसून मी शहराप्रमाणे पुठ्ठे घातले, मुंबईचे पुन्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन भाग केले, वर अनुक्रमणिका चिकटवली. काका चहा पीत पाहत होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं वो यादीबाई. आता मले काईच सापडणार नाई." पण त्या दिवसापासून मी यादीबाई झाले ते झालेच.

त्या डब्यातला एक फोटो ते हमखास दाखवायचे. एकोडीचं एक जोडपं लग्नानंतर मुंबईला गेलं होतं. संध्याकाळी समुद्रावर, मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं. फोटोत सूर्य सुरेख आला आणि ती दोघं कोळशाची आली. "नवरा कोनता न् नवरी कोनती, सांग बरं," काका विचारायचे. मग म्हणायचे, "सारे लोक संध्याकाळी समुद्राले जाते. सूर्य पाहाले जा ना बाप्पा, कोन नाई म्हनते. फोटोले सकाळी जा. समुद्र पळून नाई जात, ऊन पळते."

दुसरा नियम पायांचा. फोटोत माणूस पूर्ण हवा, नाहीतर कमरेपर्यंत हवा. गुडघ्याखाली कापलेला फोटो त्यांना सहन होत नसे. "ज्या पायानं चालत गेला, थेच कापून टाकले का?" असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचे. तिसरा नियम असा की फोटो काढणाऱ्याने स्वतःची सावली फोटोत येऊ द्यायची नाही. सूर्य पाठीशी घ्यायचा, पण सावली सांभाळून. डब्यात अशा फोटोंचा एक जाड गठ्ठाच होता. पुढे हसरी माणसं, आणि त्यांच्या पायांकडे सरकत आलेलं एक काळं डोकं. "हा कोन पाहुना आला बिनबोलावता?" काका म्हणायचे, आणि पाठीमागे लिहायचे: फोटोवाल्याची सावली आली.

एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस स्वतः का जात नव्हता? कारण अगदी साधं. काकांना गाडी लागायची. बस सुरू होऊन दहा मिनिटं झाली की चेहरा पांढरा, वीस मिनिटांत खिडकी. नागपूरच्या लॅबला रोल पोचवायलाही ते कधी गेले नाहीत. ते काम माझ्या बाबांचं. बाबा एसटीत कंडक्टर होते. लाखनीवरून नागपूरला जाताना काकांचं पाकीट ते आपल्या चामड्याच्या थैलीत, तिकिटांच्या शेजारी ठेवायचे आणि येताना प्रिंट आणायचे. दोघं एका वयाचे, एकमेकांना अरे-कारे करणारे. बाबा म्हणायचे, "सारा तालुका मुंबई पाहून येते, अन् तू बिघडलेले फोटो पाहते." काका म्हणायचे, "अन् तू? तू तर पाकीटच पाहते बे, वरून."

ते खरं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फोटो मांडीवर घेऊन फिरलेल्या माझ्या बाबांचा आईबरोबर एकही फोटो नव्हता. बुद्धविहारात साधेपणाने लग्न झालं, तेव्हा फोटोवाला बोलावला नव्हता. पुढे राहूनच गेलं. बाबा निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांचं हृदय त्रास देऊ लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला सांगितलं. कदाचित ऑपरेशन लागेल, म्हणाले. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण मी मनात धास्तावले होते. ऑपरेशनच्या आधी आई-बाबांचा एक चांगला फोटो व्हायला हवा, एवढं मी ठरवलं. देवळात जाणारी माणसं नवस बोलतात. मी यादी केली.

यादीत छत्तीस जागा होत्या, रोलमध्ये छत्तीस फोटो म्हणून. जागा, वेळ, जायचं कसं, तिथून पुढे कुठे, असे रकाने पाडले. निघण्याच्या आदल्या दिवशी मी ती काकांना दाखवली. ते इतके रंगले की विचारू नका. दुकानात तेव्हा एक लग्नाची पार्टीही आली होती, नवरदेवाचा मामा अल्बमसाठी घाई करत होता. काका मात्र माझ्या यादीवर बोट ठेवून बसले होते. ही जागा दुपारची, सकाळची नाही. इथं कबुतरं फार, लेन्स पुसून घे. मध्येच थांबून म्हणाले, "यादीबाई, याच्यात जागाच जागा आहे. माय-बाप कोनत्या रकान्यात आहे?" मला तो विनोद वाटला. बोलता बोलताच त्यांनी आपला स्वतःचा कॅमेरा काढला, भाड्याचा नव्हे, आणि रोल भरून माझ्या हातात ठेवला. "रोल काढू नको. छत्तीस झाले का कॅमेरा तसाच आनून दे."

मुंबईत मी यादी पार पाडली. दवाखान्याच्या तपासण्यांतून उरलेल्या दोन दिवसांत आई-बाबांना मी इतकं फिरवलं, की आज आठवलं तरी लाज वाटते. बाबा दर दहा पावलांवर थांबायचे. मी घड्याळ पाहायची. आई लुगड्याचा पदर सारखा करून हसायची, मी बटण दाबायची, यादीवर खूण करायची. छत्तीस खुणा झाल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन करावंच लागेल म्हणून तीन महिन्यांनंतरची तारीख दिली आणि आम्ही परत आलो.

लाखनीला उतरल्याबरोबर मी कॅमेरा घेऊन दुकानात गेले. काका मागच्या अंधाऱ्या खोलीत न जाता काउंटरवरच रोल गुंडाळू लागले. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला एक लहान फिरकी असते. आत भरलेला रोल असला की ती जड फिरते. काकांनी तिला बोट लावलं आणि ती हलकी, पंख्यासारखी गरकन फिरली. त्यांनी हात थांबवला. पुन्हा फिरवून पाहिली. मग माझ्याकडे न पाहता मागचं झाकण उघडलं. रोलचं टोक पलीकडच्या खाचेतून सुटून तसंच पडलेलं होतं. फिल्म पुढे सरकलीच नव्हती. आकडा छत्तीसपर्यंत गेला होता, पण फोटो एकही नव्हता.

रोल भरला की दोन वेळा खटका ओढायचा आणि फिरकी आपोआप फिरते का ते पाहायचं, कारण ती फिरली तरच फिल्म पुढे सरकते, हा काकांचा नेम होता. गिऱ्हाइकालाही दाखवायचे, "फिरते का? फिरते. आता जा." त्या दिवशी मुंबईच्या जागा सांगण्याच्या नादात तेवढं राहिलं होतं.   काकांनी शोकेसचा दिवा मालवला आणि भर बाजाराच्या वेळी दुकानाचं शटर ओढलं.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. घरापुढच्या छपरीत बाबा बाजेवर टेकून बसले होते. काका बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "माह्यी चूक झाली. रोल मीच लावला होता. एकही फोटो नाई निंगाला."

बाबा म्हणाले, "म्हंजे मी मुंबईले गेलोच नाई म्हन."

आई आतून आली. "छत्तीस येळा हासली मी, भाऊजी," ती म्हणाली. "छत्तीस येळा! माह्ये गाल दुखले. अन् एकही नाई?"

बाबांना हसू आलं, हसता हसता धाप लागली. आईने पाठीवर हात फिरवला. काका ते पाहत होते. बाबांचा श्वास बसेपर्यंत ते तसेच उभे राहिले आणि मग म्हणाले, "तीन महिन्यांनी जाता ना तुम्ही? मी येतो."

"तू?" बाबा म्हणाले. "तुले साकोलीपर्यंत गाडी लागते गा. मुंबई कुठी आहे माहीत आहे का?"

"माहीत आहे," काका म्हणाले. "तेच तं मले माहीत आहे."

ते खरंच आले. तीन दिवस आधीपासून त्यांनी जेवण कमी केलं. पिशवीत लिंबं, आवळ्याची सुपारी, जुनी वर्तमानपत्रं आणि कॅमेरा. बाबांनी त्यांना नागपूरच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. आजारी कोण आणि सोबत कोणाची, हे पाहणाऱ्याला कळलं नसतं. "समोर रस्त्यावर पाहा, खाली पाहू नको. आज सावली-बिवली काई नाई," बाबा बजावत होते. तरी भंडाऱ्याच्या अलीकडेच वर्तमानपत्र कामी आलं. पुढे रेल्वेत त्यांना जरा बरं वाटलं. पण रात्रभर ते डोळे मिटून ताठ बसून होते. आई अधूनमधून लिंबू फोडून द्यायची.

दादरजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. आधीच्या खेपेलाही तिथेच होतो. बाहेर पडल्याबरोबर काकांनी आपल्या पायांशी पाहिलं आणि चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "चला," म्हणाले, "समुद्र दाखवतो." ज्याने समुद्र पाहिलेला नाही तो आम्हाला दाखवायला निघाला. कोपऱ्यावर घड्याळाचं दुकान येईल म्हणाले, आलं. त्याच्या पुढे नारळवाला म्हणाले, तोही होता. "आता डाव्या हाताले," म्हणाले आणि आम्ही वळलो. दहा मिनिटं चाललो तर समोर धोब्यांची दोरी आणि भिंत. काका डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "याची प्रिंट नव्हती आपल्यापाशी. निगेटिव्हच होतं. मी उलटं धरलं होतं वाटते." बाबा भिंतीला धरून हसले. आम्ही मागे फिरून उजव्या हाताला लागलो. पण बाबा दमले होते, म्हणून त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परतलो.

परवा दवाखान्यात भरती व्हायचं होतं. हातात एकच सकाळ होती. मी माझी यादी काढली, बाबांच्या तब्येतीकडे पाहून छाटलेली. काकांनी विचारलं, "किती जागा?"

"चौदा."

"एक कर."

"काका, एक?"

"एक," ते म्हणाले, आणि आईकडे वळले. "वैनी, मागच्या खेपेले एवढं फिरले तुम्ही. कंडक्टर हासला कुठी?"

आईला आठवायला वेळ लागला नाही. "चैत्यभूमीवर नमस्कार करून आम्ही मांगं समुद्रापाशी गेलो होतो. पान्यानं माह्यी चप्पल नेली. हे मांगं धावले अन् लय हासले."

ती जागा माझ्या यादीत नव्हती. चप्पल गेली तेव्हा मी बहुधा पुढच्या जागेची बस कुठे मिळेल ते विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नव्हती. आई-बाबांनी चैत्यभूमीवर मेणबत्ती लावली, हात जोडले. तिथून आम्ही वाळूवर आलो. सूर्य आमच्या पाठीशी, इमारतींच्या वर आलेला. समोर पाणी. काकांनी खाली पाहिलं. सावली लांब, कड ठसठशीत. मग डोकं उचललं, आणि हललेच नाहीत. कॅमेरा गळ्यात तसाच. लाट यायची, फुटायची, परत जायची. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी आई म्हणाली, "भाऊजी, फोटो काढता का समुद्रच पाहता?"

काका म्हणाले, "याले आवाज आहे, हे मले कोनी सांगतलंच नाई." मग गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात लावून, "रोलात आवाज येत नाई ना."

फोटोसाठी त्यांनी आई-बाबांना पाण्याच्या कडेला उभं केलं. दोघंही काठीसारखे ताठ झाले, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. आई छत्तीस वेळचं ते ठेवणीतलं हसू काढू लागली. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडले, "कंडक्टर! गाडीत गर्दी झाली!"

बाबांना क्षणभर कळलं नाही. मग मागून लाट आली, त्यांच्या घोट्यांपर्यंत, आणि तीस वर्षांची सवय जागी झाली. त्यांनी एक हात वर केला, तोंड समुद्राकडे वळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका! पुढं सरका! मंधात जागा आहे!" लाट खरंच पुढे सरकली. आई तोंडाला पदर लावायलाही विसरली आणि खळखळून हसली. खटका वाजला तेव्हा बाबा आईकडे पाहत होते, हात तसाच वर. काकांनी पुढच्या फोटोसाठी खटका ओढताना कॅमेऱ्याची डावी फिरकी पाहिली. मीही पाहिली. ती फिरत होती.

ऑपरेशन नीट झालं. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, रोज बस स्टँडवर जाऊन नव्या कंडक्टरांना शिकवत. तो फोटो काकांनी मोठा करून, चौकट लावून आणून दिला. आमच्या पुढच्या खोलीत तो अजून आहे. वर केलेला हात, हसणारी आई, मागे पांढरी लाट. फक्त एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. फोटो गुडघ्याखाली कापलेला होता. पायच नव्हते. आईनेही विचारलं, "भाऊजी, आमचे पाय कुठी गेले?" काका चहाच्या कपात पाहत म्हणाले, "पाय समुद्रात गेले." त्यांच्याकडून अशी चूक कशी झाली, हे मी विचारलं नाही. एकदा रोल सुटलेला होता. पुन्हा कशाला.

मुंबईहून आल्यावर काकांच्या सांगण्यात एका ओळीची भर पडली. जागा सांगायचे, वेळ सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "समुद्रापाशी फोटो झाला का कॅमेरा बंद करजो, अन् थोडा येळ आयकजो." गिऱ्हाइकं मान हलवून निघून जायची. मग हळूहळू गिऱ्हाइकंच कमी झाली. आधी छोटे डिजिटल कॅमेरे आले, मागून मोबाइल आला. फोटो बिघडला तर पुसून टाकता येऊ लागला, म्हणून डब्यात नवीन काही येईना. काकांनी झेरॉक्सचं मशीन ठेवलं, पासपोर्ट फोटो काढत राहिले. मोठ्या शहराला निघालेलं कोणी दुकानावरून गेलं तर ते हाक मारायचे, "कुठी चालला? सकाळी जाजो बरं." जाणारा हसून हात हलवायचा.

काका बाबांच्या आधी दोन वर्षं गेले. धानाची मळणी संपत आली होती. दुपारी काउंटरवर डोकं टेकवून बसले ते उठलेच नाहीत. दोन दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. श्रद्धांजलीच्या सभेला फोटो हवा होता. घरात, दुकानात, मिळून हजारो फोटो, आणि त्या माणसाचा एकही नाही. कॅमेऱ्यासमोर आले की ते डोळे मिटायचे, म्हणून समोर यायचंच टाळायचे. "तूच पाहा," काकू म्हणाल्या. "तुले सारं कुठी काय आहे माहीत आहे."

मी पद्धतशीर शोधलं. आधी अल्बम, मग पाकिटं, मग निगेटिव्हच्या फायली. काहीच नाही. सगळ्यात शेवटी तो बिस्किटांचा डबा काढला. मी घातलेले पुठ्ठे अजून होते, अनुक्रमणिका पिवळी पडली होती. मुंबई, सकाळ. त्या भागात सगळ्यात मागे एक फोटो होता, जो मी कधीच पाहिला नव्हता.

म्हणजे पाहिला होता, पण अर्धाच. वर केलेला हात, हसणारी आई, पांढरी लाट. हा मात्र पूर्ण होता. बाबांचे अनवाणी पाय होते, आईची नवी चप्पल होती. आणि त्या पायांपर्यंत, ओल्या वाळूवरून सरळ पसरत गेलेली एक सावली. कॅमेरा धरलेली दोन कोपरं बाहेर आलेली, खांद्याला लिंबांची पिशवी लोंबकळणारी. डोकं बरोबर आई-बाबांच्या मधोमध, जणू तिथे तिसऱ्या माणसासाठी जागा ठेवली होती.

मी फोटो उलटला. तीच चार ओळींची पद्धत, तेच बॉलपेन.

जागा: दादर, समुद्रापाशी.
वेळ: सकाळचे पावणेनऊ.
काय बिघडलं: फोटोवाल्याची सावली आली.
पुढच्याले काय सांगाचं: काई नाई. मुद्दाम आनली.

मी तो काकूंना नेऊन दिला. त्यांनी खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला. मग सावलीच्या कोपरावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तेच आहेत. असेच हात पसरून उभे राहाचे, दारातून कोनी जाऊ नाई शकत होतं." डोळे पुसून त्यांनी फोटो मला परत दिला. "याच्यात हाराले जागा नाई वो. सभेले मतदान कार्डाचाच लावू. हा तू ठेव."

मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात काकांचे डोळे मिटलेले होते. लोक म्हणाले, झोपल्यासारखे दिसतात.

गेल्या वर्षी लेकीला घेऊन मी हैदराबादला गेले. निघण्याआधी यादी केली, जागा, वेळ, जायचं कसं. आता त्यात एक रकाना जास्त असतो: कोण. चारमिनारसमोर पोचल्यावर लेकीने मान वर केली. मी खाली पाहिलं. ऊन पाठीशी होतं. मी तिला उभं केलं, नीट नेम धरला आणि मोबाइलचं बटण दाबलं. ती धावत येऊन पडद्यावर वाकली.

"आई, काय गं! तुझी सावली आली ना मधात."

"पाय आले का तुझे?"

"आले."

"मग राहू दे."